तांब्यातलं वजन

माझ्याकडच्या पितळी तांब्याचं वजन रिकाम्यात पाऊण किलो भरतं. काठोकाठ भरला तर त्यात सव्वा लिटर पाणी मावतं, म्हणजे भरलेला तांब्या दोन किलोचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे मी अलीकडे तोलून पाहिलं. हाताला मात्र हा हिशेब लहानपणापासून पाठ आहे. पाणी कुठवर आहे हे आत न डोकावता, नुसता उचलून मला सांगता येतं.

हा तांब्या आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, कुस्तीत मिळवला. खानदेशातल्या यात्रांमध्ये भांड्यांवर कुस्त्या लागतात. सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग तांब्या, पातेली, हंडा आणि शेवटी रोख इनामाच्या मोठ्या जोडी. आप्पा धुळ्याचे. पांझरेच्या काठी एकवीरा देवीची चैत्रातली यात्रा भरते, तिथपासून थेट पारोळा-अमळनेरपर्यंत ते तरुणपणी कुस्त्यांना जात. मोठे पैलवान ते कधी झाले नाहीत. पण घरात एक फळी भरून भांडी होती आणि त्यातलं एकही विकत आणलेलं नव्हतं, हे मोठी माय, म्हणजे माझी आजी, पाहुण्यांना आवर्जून सांगायची.

तांब्या ठोक्याचा आहे. पोटावर हातोडीच्या चपट्या खुणा अजून बोटांना लागतात, मधोमध जोडाची बारीक रेघ आहे. गळा इतका आवळलेला की माझ्या आजच्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना जेमतेम भेटतात. काठ बाहेर वळलेला आहे आणि त्याच्या खाली टिंबाटिंबांनी कोरलेलं आप्पांचं नाव आणि गाव. छिन्नीचा एकेक ठोका म्हणजे एकेक टिंब. चिंच-मीठ लावून घासताना त्या टिंबांत चिंचेचा गाळ अडकायचा आणि तो काडीने काढायचं काम माझ्याकडे असायचं.

मला आठवतात ते आप्पा कुस्ती सोडलेले. लाल मातीचा हौद सुटला होता, पण पहाटेचे जोर आणि बैठका चालूच होत्या. सगळं झालं की ते माठातून तांब्या काठोकाठ भरून घेत. बोटं गळ्याभोवती, काठाच्या खाली, अंगठा दुसऱ्या बाजूने. मग हात खांद्याच्या उंचीला समोर सरळ. कोपर वाकवायचं नाही, खांदा वर चढवायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. नजर पाण्यावर. एक हात झाला की दुसरा. आणि सगळ्यात शेवटी तेच पाणी, तांब्या तोंडाच्या वर धरून, ओठ न लावता, एका धारेत प्यायचं. ही धारसुद्धा व्यायामातच धरलेली होती. दमलेल्या हाताने मनगट हळूहळू वळवत धार न तुटू देता पिणं किती अवघड असतं ते करून पाहणाऱ्यालाच कळेल.

एरवी आम्ही सगळे त्याच तांब्याने पाणी प्यायचो. शाळेतून आलं की तोच, जेवायला बसलं की पानाशेजारी तोच, रात्री उशाशी झाकण ठेवून तोच. व्यायामाचा म्हणून वेगळा ठेवलेला नव्हता.

मी साताठ वर्षांची असताना आप्पांनी तो पहिल्यांदा माझ्या हातात दिला. पाव तांब्या पाणी होतं. काठोकाठ भरलेला झेपायला मला पुढे बरीच वर्षं लागली. काठोकाठ म्हणजे किती, तर पाणी काठाच्या वर किंचित फुगून यायला हवं. त्या फुगलेल्या पाण्यात आमच्या घराचं आढं दिसायचं. हाताला कंप सुटायला लागला की मला तो हातात जाणवायच्या आधी पाण्यात दिसायचा. आढं हलायचं, मोडायचं, पुन्हा जुळायचं. मग काठावरून एक थेंब सुटायचा आणि गळ्यावरून ओघळून माझ्या बोटावर यायचा. आप्पांचा नियम एवढाच होता. बोट ओलं झालं की थांबायचं. मोजायचं नाही, दात-ओठ खायचे नाहीत, भावंडांशी तुलना करायची नाही. आज हात कुठवर आहे ते पाणीच सांगत असे आणि ते सगळ्यांनी मानायचं. लहान मुलाला व्यायाम शिकवण्याची याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही.

दोन किलो म्हणजे काही फार नाही, असं वाटतं. भाजीची पिशवी त्याहून जड असते. पण पिशवी अंगाला लागून लोंबते, तांब्या खांद्यापासून पूर्ण हातभर लांब असतो. खांद्यावरचा जो त्रिकोणी स्नायू हा भार पेलतो, तो दंडाच्या हाडाला साधारण मध्यावर धरतो आणि तोही तिरपा. ओढ जवळून, भार लांब. म्हणून हातातल्या वजनाच्या कितीतरी पट जोर त्या स्नायूला लावावा लागतो. त्यात हाताचं स्वतःचं वजन आलं. आणि पाणी हलतं. अर्धा भरलेला तांब्या पूर्ण भरलेल्यापेक्षा हलका असूनही कधी कधी स्थिर धरायला कठीण जातो, कारण आत डुचमळायला जागा असते. ते डुचमळणं थोपवायला मनगट, कोपर, खांदा, पाठ, सगळे एकदम कामाला लागतात.

म्युनिकला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने एकदा तिथल्या उत्सवातल्या स्पर्धेचं चित्रण पाठवलं, तेव्हा मी ते उभी राहून पाहिलं. बव्हेरियात एक लिटरचा जाड काचेचा बिअरचा मग भरून हात समोर सरळ ठेवून धरायची स्पर्धा असते. काचच किलोहून जास्त, भरलेला मग दोन किलोच्या पुढे. कोपर वाकलं की बाद, सांडलं की बाद. धिप्पाड माणसांचे हात काही मिनिटांत लटलटायला लागतात. भांडं वेगळं, पेय वेगळं, पण वजन जवळजवळ आमच्या तांब्याइतकं आणि नियम अगदी आप्पांचे. पिण्याचं भांडं हातात धरलं की त्याने ताकद जोखावी हे माणसाला हजारो मैलांवर वेगवेगळं सुचलं, याचा मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला. आप्पा असते तर त्यांनी त्या पैलवानांचे खांदे नीट पाहिले असते आणि कोण श्वास कोंडतोय ते सांगितलं असतं.

आमच्याकडे तालीम मुलग्यांची. माझे भाऊ पहाटे जायचे, अंगाला माती लावून यायचे, बदामाची थंडाई त्यांना मिळायची. 1966 मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा जळगावात झाली आणि दीनानाथ सिंह किताब घेऊन गेले, तेव्हा आप्पा एस. टी.ने पारोळा-एरंडोलवरून जळगावला ती पाहायला गेले होते. ती हकीकत ते भावांना सांगत आणि मी भाकरीच्या परातीशी बसून ऐकत असे. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षं तोच किताब जिंकला, तेव्हा आप्पांची आठवण येऊन मी त्यांच्या कुस्त्या टीव्हीवर पाहिल्या. तालमीच्या दारातून मी कधी आत गेले नाही. तांब्याला मात्र कुणाची आडकाठी नव्हती. पोरगी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे, यात कुणाला काही वावगं दिसत नाही. ती पाणी द्यायलाच उभी असणार असं सगळे धरून चालतात. आप्पांना हे ठाऊक होतं असं मला वाटतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधले की माहेरी आलेल्या मोठ्या मुलींच्या बरोबरीने मी दोर धरून झोका चढवायची आणि बायका विचारायच्या, हिच्या हातात इतका जोर कुठून आला?

मोठ्या मायला हे सगळं मान्य नव्हतं. ती अहिराणीतच बोलायची. मी ओसरीत तांब्या धरून उभी दिसले की म्हणायची, "इतली ताकद से तं हंडा उचल ना, माय."

तिचं म्हणणं खरं होतं. आमच्या लहानपणी धुळ्यात उन्हाळ्याचं पाणी म्हणजे दिवसच्या दिवस वाट पाहणं. नळाला आलं की हंडे, कळशा, बादल्या, पिंप, सगळं भरून ठेवायचं. पंधरा-सोळा लिटरचा हंडा, वर भांड्याचं वजन, तो कमरेवर घेऊन मोठी माय, आई, काकू जिना चढायच्या. एकाच कमरेवर, एकाच हाताच्या वेढ्यात, वर्षानुवर्षं. त्यांच्या दंडांत आप्पांपेक्षा कमी ताकद नव्हती. पण साठीला आप्पा ताठ होते आणि मोठी माय उजवीकडे कललेली. मी खूप वर्षं या गोष्टीचा विचार केला आहे. वजन दोघांनीही उचललं, रोज उचललं. फरक एवढाच की तांब्यात पाणी किती घ्यायचं ते आप्पा ठरवायचे आणि हंड्यात किती घ्यायचं ते नळ ठरवायचा. दुखत असलं तर आप्पा अर्धाच भरायचे, दुसऱ्या हातात घ्यायचे, बोट ओलं झालं की थांबायचे. मोठ्या मायला थांबायची सोयच नव्हती, कारण नळ जायच्या आत पिंप भरायचं असायचं. बायका घरात एवढं राबतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला, असं आजही जे सर्रास म्हटलं जातं ते मला म्हणूनच पटत नाही. राबण्यात शरीर झिजतं तेव्हा ते कुणाच्या तरी दुसऱ्याच्या मापाने झिजत असतं.

लग्न होऊन जळगावला आले तेव्हा आप्पांनी तांब्या माझ्या सामानात ठेवला. भावांनी मागितला होता, मला दिला. जळगावचं घर स्टीलचं. पेले, जग, पिंप, पुढे फिल्टर, पुढे फ्रिजातल्या प्लास्टिकच्या बाटल्या. तांब्या फळीवर गेला. गणपतीत कलश म्हणून उतरायचा, सत्यनारायणाला उतरायचा, घासूनपुसून पुन्हा वर जायचा. नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण, यात पंचवीसेक वर्षं निघून गेली. त्या वर्षांबद्दल तांब्याच्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही.

पन्नाशीनंतर मी ओल्या अंगणात घसरले आणि पडताना हात टेकला. मनगटाच्या वर हाड मोडलं. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ होत जातात, त्या वयात बायका हातावर पडल्या की नेमकं हेच हाड मोडतं. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या शल्यवैद्याने 1814 मध्येच या मोडीचं वर्णन करून ठेवलंय आणि त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. सहा आठवडे प्लास्टर. ते कापल्यावर आतून निघालेला हात माझा वाटेना. बारीक, कोरडा, मनगटात आखडलेला. फुलपात्र उचलून तोंडाशी नेता येईना. खांदाही धरला होता, कारण सहा आठवडे तो मी हलवलाच नव्हता.

फिजिओथेरपिस्ट मुलगी तरुण होती, चोपड्याकडची. पहिले काही दिवस नुसत्या हालचाली. मग म्हणाली, "काकू, आता थोडं वजन घ्यायचं. पाव किलोपासून. घरी छोटी पाण्याची बाटली असेल ना?" मी तिला तांब्याबद्दल सांगितलं. तिने हसण्यावारी नेलं नाही, आणून दाखवा म्हणाली. हातात घेतला, गळ्याला धरून वर-खाली केला, आणि मला एक गोष्ट दाखवली जी मी इतक्या वर्षांत कधी लक्षात घेतली नव्हती. बाटली धरताना मुठीचा नुसता दाब लागतो, घाम आला की ती निसटते. तांब्याचा काठ बोटांवर टेकतो, म्हणून कमजोर मूठही तो सोडत नाही. सुरुवातीला पाऊण किलोही जास्त होतं, तेव्हा तिने स्टीलचं फुलपात्र घ्यायला सांगितलं. हात टेबलावर टेकवून, मनगट कडेच्या बाहेर, हातात पाण्याने भरलेलं फुलपात्र, आणि मनगट सावकाश वर, सावकाश खाली. ते जमल्यावर रिकामा तांब्या. त्यानंतर दर चार-पाच दिवसांनी एकेक वाटी पाणी.

यंत्रांच्या व्यायामशाळेत एक किलोच्या डंबेलनंतर बहुतेक ठिकाणी थेट दोन किलोचं येतं. मोडलेल्या मनगटाला ती उडी झेपत नाही. पाण्यात उडीच नाही. वाटीभर घाला, अर्धी वाटी घाला, हात जेवढं म्हणेल तेवढं. जपानच्या ओकिनावा बेटावर कराटेची जुनी मंडळी मातीचे घट काठाला पाचही बोटांनी धरून, हात खाली सोडून चालतात आणि ताकद वाढेल तशी त्यात वाळू घालत जातात. त्यांचं आणि आप्पांचं शास्त्र एकच.

खांद्यासाठी तिने आणखी एक दिलं. डाव्या हाताने ओट्याला धरून पुढे वाकायचं, दुखरा हात सैल लोंबता सोडायचा, त्यात रिकामा तांब्या गळ्याला धरून छोटी छोटी वर्तुळं काढायची. वजन सांध्याला हलकेच खाली ओढतं आणि सांधा मोकळा होतो. आणि शेवटचा व्यायाम ओतण्याचा. भरलेल्या तांब्यातून बादलीत पाणी ओतायचं, धार करंगळीएवढी आणि मध्ये कुठेही न तुटता. तळहात वळवण्याची जी हालचाल मोडीनंतर उशिरा परत येते ती यात होते. पहिल्या दिवशी पाणी भसकन पडलं. काही आठवड्यांनी मी तांब्या तोंडावर धरून धारेने पाणी प्यायले, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

या भांड्याच्या आकाराकडे दोन फार मोठ्या माणसांनी बारकाईने पाहिलं होतं, हे मला मुलीमुळे कळलं. ती डिझाइनच्या क्षेत्रात आहे. अमेरिकेतले चार्ल्स आणि रे ईम्स हे जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आलं आणि 1958 मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये आपल्या लोट्याला सर्वांत वरचं स्थान दिलंय. पाणी किती मावावं, हाताला कसा बसावा, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कुठे असावा, ओतताना धार कशी पडावी, हे प्रश्न पिढ्यान् पिढ्या सोडवत सोडवत हा आकार आला, असं त्यांचं म्हणणं. मुलीने ते वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, या यादीत आणखी एक ओळ हवी होती. भांडं हाताला काय शिकवतं, याची.

मुलीनेच मला पुण्याहून डंबेलच्या आकाराची बाटली आणून दिली. दोन लिटरची, मधोमध मूठ, पाणी भरलं की वजन, तहान लागली की झाकण उघडून प्यायची. ती चांगली आहे. प्रवासात मी तीच नेते, आणि ज्यांच्याकडे जाड पितळ नाही त्यांना तीच घ्या म्हणते. तिचं झाकण घट्ट असल्यामुळे पाणी सांडत नाही एवढाच तिचा उणेपणा. हात कधी थकला ते ती सांगत नाही.

आता आमच्या कॉलनीतल्या काही बायका संध्याकाळी माझ्या गच्चीवर येतात. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा दिवस कलल्याशिवाय गच्चीवर पाय ठेववत नाही. एकीला मधुमेह आहे आणि तिचा खांदा गोठला होता. मधुमेह असलेल्यांना, त्यातही चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना हे दुखणं जास्त होतं. तिला आधी डॉक्टरकडे पाठवलं, त्यांनी हो म्हटल्यावर गच्चीवर घेतलं. दुसरीची हाडं विरळ आहेत. तिसरीला काही नाही, तिला नुसतं यायचं असतं. आठवड्यातून किमान दोन दिवस तरी स्नायूंना जोर देणारा व्यायाम प्रत्येक प्रौढ माणसाने करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही तीन दिवस करतो. प्रत्येकीने घरातलं भांडं आणायचं. कुणी गडू आणते, कुणी पेला, कुणी मुलाची शाळेची बाटली. पाणी किती घ्यायचं ते जिचं तिने ठरवायचं आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही. शेवटी सगळ्यांनी आपापलं पाणी प्यायचं.

गोठलेल्या खांद्यावाली आता हात डोक्याच्या वर नेते. परवा म्हणाली, मला तुमच्यासारखा तांब्या हवा. आम्ही दोघी भांडे बाजारात गेलो. दुकानदाराने आधी तांब्याच्या पत्र्याच्या हलक्या बाटल्या दाखवल्या, मग आरशासारखे चकचकीत पातळ पितळेचे लोटे. आम्ही जाड मागितला. त्याने पोटमाळ्यावरून तीन जुने उतरवले, धूळ पुसली आणि पितळ किलोवर विकतात तसं काट्यावर ठेवून वजनं सांगितली. तिने तिन्ही हातात घेतले. एकेकाला गळ्याशी धरून, भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या मध्ये, हात समोर सरळ करून पाहिला. सर्वांत जड होता तो ठेवून घेतला.

"नाव घालून देता का?" तिने विचारलं.

"घालतो ना, ताई. मिस्टरांचं नाव सांगा."

"माझंच घाला," असं म्हणून तिने स्वतःचं नाव सांगितलं, आणि त्याने लिहून घेतलेलं शुद्धलेखन तपासून त्यातली वेलांटी दुरुस्त करायला लावली.